मुलं सगळेच मोजतात, शब्द कोण मोजणार?

मे २०२२ मधली रात्र. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीचा अहवाल नुकताच आला होता. मी साक्री तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते. आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी तो जुना ‘पाच-पंचवीस’वाला विनोद टाकला होता आणि खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती. ग्रुपमध्ये मुसलमान मी एकटीच. एरवी गप्प बसते, त्या रात्री बसले नाही. आलेख शोधला आणि टाकला. देशात एका मुस्लिम बाईमागे मुलांचं सरासरी प्रमाण १९९२-९३ मध्ये ४.४ होतं, २०१९-२१ मध्ये ते २.४ वर आलं. सगळ्या समाजांत सर्वांत जास्त घसरण आमची. हिंदू-मुस्लिमांमधला फरक तेव्हा एकाहून जास्त होता, आता अर्ध्याहूनही कमी. शिकलेल्या बाईला मुलं कमी होतात, मग ती कुठल्याही धर्माची असो, हेही लिहिलं. शेवटी लिहिलं, ‘विनोद करण्याआधी आकडे वाचत जा, सर.’

उत्तर कोणी देतंय का, हे बघत बसले होते. शेजारी सतरंजीवर माझा मुन्ना डब्यांची झाकणं एकात एक घालत बसला होता. सोळा महिन्यांचा, पाठ माझ्याकडे. त्याच्या आपाने, म्हणजे माझ्या मोठ्या मुलीने, त्याला तीनदा हाक मारली. त्याने मान वळवली नाही. तिने जाऊन खांद्याला हात लावला, तेव्हा हसला. हे सगळं मी पाहिलं. आज डोळे मिटले तरी दिसतं. पण त्या रात्री माझं लक्ष निळ्या टिकांवर होतं.

मुन्नाला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, हे आम्हाला कळलं तेव्हा तो दोन वर्षं नऊ महिन्यांचा होता.

म्हणून हा लेख. आमची मुलं मोजायला सगळे टपलेले असतात. निवडणुकीच्या सभेत मोजतात, ग्रुपवर मोजतात, ‘उम्मत बढ़ाओ’ म्हणणारे आमचेच काही वक्ते मोजतात आणि त्यांना उत्तर द्यायला मीही मोजते. दोन्ही बाजूंची भांडणं डोक्यांच्या संख्येवर. त्या डोक्यात काय चाललंय, दोन वर्षांच्या पोराला किती शब्द येतात, हाक मारली तर ते वळतं का, बोट करून दाखवतं का, हे मोजायला कोणी नाही. बाहेरच्यांना त्यात रस नाही हे समजू शकते. आपल्याला का नसावा?

आधी माझी चूक सांगते, म्हणजे पुढचं बोलायचा मला हक्क राहील. मुन्ना जानेवारी २०२१ मध्ये जन्मला. तिसऱ्या दिवशी कावीळ वाढली, चार दिवस निळ्या दिव्याखाली पेटीत ठेवला. घरी सोडताना औषधं लिहून दिली, लसीची तारीख सांगितली. जास्त कावीळ झालेल्या बाळाचे कान तपासून घ्यायचे असतात, हे कोणी सांगितलं नाही. दवाखाना कुठला ते लिहीत नाही, तो आजही चालू आहे आणि तिथे जाणाऱ्या बायांना दुसरा पर्यायही नाही. तपासणी पाच-दहा मिनिटांची असते. झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी गुंडी बसवतात, तीतून आवाज सोडतात आणि आतला कान त्याला प्रतिसाद देतो का ते यंत्र सांगतं. तिला ओएई म्हणतात. जगभरात यासाठी एक साधा नियम सांगितला जातो : पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपाय सुरू. आमचं निदान तेहतिसाव्या महिन्यात झालं.

मधल्या काळात घरात काय चाललं होतं? घर वाढत होतं. मुन्ना अकरा महिन्यांचा असताना मला पुन्हा दिवस गेले. पंधराव्या महिन्यात त्याचं दूध तोडलं, कारण ‘पेट में दूसरा है तो दूध ख़राब होता’ असं सगळ्या म्हणाल्या. (होत नाही. पुढे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा छोटी जन्मलीसुद्धा होती.) मुन्ना दादीकडे झोपायला लागला. शाळेतून आले की मला उलट्या, स्वयंपाक, वह्या. त्याला काय हवं ते आपाला बरोबर कळायचं. तो हात ओढायचा, ती सांगायची, ‘अम्मी, उसको पानी होना.’ पाच वर्षांच्या त्या पोरीने भावासाठी अख्खी खुणांची भाषा बनवली होती आणि आम्ही कौतुक करत होतो की भावंडांचं किती जमतं!

मोठ्या घराला मी दोष देत नाही. आमच्याकडे सासू, सासरे, दीर, जाऊ, त्यांची दोन मुलं. एवढी तोंडं, एवढी बडबड, मुलाला याहून चांगली शाळा कुठली? पण एवढ्या माणसांत एक गंमत होते. प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याचं लक्ष आहे. पोर सगळ्यांचं असतं आणि नेमकं कोणीच त्याच्याकडे नीट बघत नसतं. शिवाय मुन्नाला ठार ऐकू येत नव्हतं असं नाही. ट्रकचा हॉर्न वाजला की तो दचकायचा, आणि सुरत-नागपूर महामार्गालगत राहणाऱ्यांना हॉर्नची काय कमी? कुकरची शिट्टी झाली की बघायचा. मशिदीचा भोंगा सुरू झाला की बोट वर करायचा आणि दादी म्हणायची, ‘माशाअल्लाह, अज़ान पे कैसा ध्यान देता.’ मोठे आवाज पोहोचत होते, बोलणं पोहोचत नव्हतं. ‘याला ऐकू येतं’ हे ज्याच्या जोरावर आम्ही छातीठोक सांगत होतो, तेच आमचं फसणं होतं.

आणि चालण्याचं वेड! मोठी दहाव्या महिन्यात चालली होती. मुन्ना वर्षाचा झाला तरी चालेना, तेव्हा घर हादरलं. मालिश, वाळूत खड्डा करून उभं करणं, दिराने धुळ्याहून चाकांचा वॉकर आणला. कॅनडात २००४ पासून या वॉकरच्या विक्रीवर बंदी आहे, कारण त्यात मुलं जिन्यावरून पडतात आणि त्याने चालणं लवकर येतही नाही. आमच्याकडे तो अजून बाळंतविड्यासोबत भेट देतात. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास करून २००६ मध्ये प्रसिद्ध केला. आधाराशिवाय चालायला लागण्याचा काळ आठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेला निघाला. शंभरातली चारेक मुलं तर कधी रांगलीच नाहीत, थेट उभी राहिली. मुन्ना चौदाव्या महिन्यात चालला. अगदी सुरळीत. ज्यात काही अडचण नव्हती त्याची आम्ही तीन महिने काळजी केली, आणि अडचण होती तिकडे ‘वक़्त आने पर बोलेगा’.

‘वक़्त आने पर बोलेगा.’ हे वाक्य तुमच्या घरात शेवटचं कधी ऐकलंत, आठवा. त्याची भावंडंही ओळखीची असतील. ‘इसका बाप भी चार साल का होके बोला था.’ ‘लड़के देर से बोलते.’ ‘ज़बान मोटी है.’ आमच्याकडे एकीने सांगितलं की जिभेखालचा पडदा कापून आणा. एकीने पोपटाने चोच मारलेला पेरू खायला घातला. नजर उतरवली, दम केलेलं पाणी पाजलं. त्या प्रेमाची मी टिंगल करत नाही, ते पाणी माझ्या हातानेच पाजलं आहे. पण सगळा मोहल्ला जिभेवर तुटून पडला होता, कानाचा विचार कोणाच्याही मनात आला नाही. जो शब्द कानात शिरला नाही, तो तोंडातून निघणार कसा? एका डॉक्टरांकडेही नेलं. त्यांनी दोन मिनिटं पाहून सांगितलं, मुलगे उशिरा बोलतात, टीव्ही बंद करा. टीव्ही बंद केला. शिकलेल्या माणसाच्या तोंडून ‘वक़्त आने पर’च निघालं, फक्त मराठीत.

कोणाला कळलं, सांगू? अंगणवाडीताईला. कोविडनंतर अंगणवाडी नीट सुरू झाली तेव्हा मुन्ना तिथे खिचडीला जायला लागला. ताई एक दिवस दारात आल्या. म्हणाल्या, ‘मॅडम, हा माझ्या हाकेला बघत नाही, ताट आपटलं की बघतो. एकदा कान दाखवा ना.’ मला राग आला. मी डी.एड., बालमानसशास्त्राचा पेपर पहिल्या वर्गात सुटलेली, पियाजेच्या चार अवस्था क्रमाने पाठ. आणि ही दहावी शिकलेली बाई मला माझ्या मुलाबद्दल सांगणार? मी म्हटलं, ‘बघू.’ ते ‘बघू’ आम्ही सात महिने बघितलं. ताईंनी दर महिन्याला न विसरता विचारलं. शेवटी त्यांच्याच आग्रहाने धुळ्याला गेलो. झोपेचं औषध देऊन डोक्याला तारा लावून तपासणी झाली, तिला बेरा म्हणतात. तिथल्या तपासणी करणाऱ्या मुलीने पहिला प्रश्न कावीळीचा विचारला आणि दुसरा, ‘तुमचं लग्न नात्यात झालंय का?’

झालं आहे. माझे शोहर माझ्या खालाचे मुलगे. मुन्नाचा कान कावीळीने गेला की रक्तातून आलेल्या दोषाने, हे आम्हाला ठामपणे कोणी सांगितलेलं नाही. पण त्या दिवसापासून हा विषय मी टाळत नाही. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात, जिथे पाकिस्तानी वंशाची पुष्कळ वस्ती आहे, हजारो बाळांचा अभ्यास झाला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जन्मजात दोष असलेलं मूल होण्याचा धोका साधारण शंभरात तीन असतो. सख्ख्या चुलत-मावस भावंडांच्या लग्नात तो सहाच्या आसपास जातो. म्हणजे शंभरातली चौऱ्याण्णव मुलं तरीही ठीक असतात, आणि नेमकं तेच चौऱ्याण्णव आपल्याला आजूबाजूला दिसतात. मग आपण म्हणतो, ‘हमारे यहाँ तो सब ऐसे ही हुए.’ कोणी म्हणेल, मामाची मुलगी करण्याची रीत महाराष्ट्रात काय फक्त मुसलमानांत आहे? नाही. पण दुसऱ्याच्या घरातही तेच आहे म्हणून माझ्या मुलाचा कान सुधारत नाही. नात्यात लग्न करणं शरियतमध्ये जायज आहे, फर्ज नाही. ज्यांची ठरतायत त्यांनी निदान एवढं तरी विचारावं, की खानदानात कोणी मुकं-बहिरं, कोणी न चालणारं मूल होतं का. आमच्या नानीच्या बहिणीला एक ‘गूँगा’ मुलगा होता. लग्नाच्या बोलणीत साड्या किती, हे निघालं. तो निघाला नाही.

रक्ताइतकंच अफवेबद्दलही बोललं पाहिजे. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोठी लसीकरण मोहीम सुरू झाली. आठवतंय तुम्हाला? तुमच्यातले बरेच तेव्हा शाळेत असाल. ‘हमारे बच्चों को बाँझ करने की सुई’ असे संदेश कुठून कुठून फिरत होते आणि काही उर्दू शाळांच्या दारात आया हात धरून मुलांना परत नेत होत्या. गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झाला तर पोटातल्या बाळाचे कान, डोळे आणि हृदय बिघडतं. ती सुई म्हणजे उद्या आई होणाऱ्या मुलीच्या बाळाचे कान वाचवणारी सुई होती. चार वर्षांनी, २०२२ च्या शेवटी, गोवर उसळला तो कुठे? गोवंडी, भिवंडी, मालेगाव. ही नावं वाचून कोणता मोहल्ला डोळ्यासमोर येतो ते मला सांगायची गरज नाही. गर्दी, कुपोषण, दवाखान्यांची दुरवस्था ही कारणं होतीच आणि ती सरकारची जबाबदारी आहे. पण तो संदेश पुढे ढकलणारा अंगठा सरकारचा नव्हता.

आता सरकारकडे वळते, कारण सगळं आपल्याच माथी मारून त्यांना सुटू देणं हाही एक फॅशनेबल प्रकार झाला आहे.

कागदावर सगळं आहे. आशाताईने नवजात बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येऊन बघायचं. हे शहाणपण आपल्या गडचिरोलीतून, अभय आणि राणी बंग यांच्या कामातून देशभर गेलं. पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्याच्या भेटी आल्या. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची तपासणी, त्यात ‘विकासातला विलंब’ हा स्वतंत्र भाग; फिरत्या पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत जायचं; दोष सापडला तर पुढचा उपचार मोफत. पालघर जिल्ह्यातच बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये गावच्या अंगणात बालवाडी भरवली होती. ‘अंगणवाडी’ हा शब्दच तिथला. महाराष्ट्राने देशाला हे दिलं आणि माझ्या मुलाच्या पहिल्या दोन वर्षांत त्यातलं काय पोहोचलं? अंगणवाड्या कोविडने बंद होत्या, पथकातले डॉक्टर कोविडच्या कामाला लावले होते. महामारी होती, ठीक. पण कावीळीच्या बाळाची कानतपासणी बाळंतपणाच्या ठिकाणीच झाली असती तर पथकाची वाट बघायची वेळच आली नसती. ते यंत्र प्रत्येक तालुक्यात का नाही, हा प्रश्न आमदार-खासदारांना कोणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. कब्रस्तानच्या भिंतीसाठी आपण निवेदन देतो, दिलंच पाहिजे. पाळण्यासाठी कधी दिलं?

माता-बाल संरक्षण कार्ड आठवा. प्रत्येक बाळंतिणीला मिळतं, पिशवीत घडी घालून ठेवलेलं असतं. त्यात लसीचं पान तारखांनी भरलेलं असतं आणि पुढे चित्रांची पानं असतात : बाळ हसतंय, मान धरतंय, टाळ्या वाजवतंय. मोहल्ल्यात मी जेवढी कार्डं पाहिली, त्यांतलं हे पान कोरं होतं. माझंही. चित्रांखालचा मजकूर मराठीत, आणि आमच्या बऱ्याच आया शिकल्या त्या उर्दूत किंवा शिकल्याच नाहीत.

ते पान काय सांगतं ते माझ्या भाषेत सांगते. पाठ करू नका, फक्त घरातल्या बाळाकडे बघून घ्या. तीन महिन्यांचं बाळ तुमच्याकडे बघून हसतं. सहाव्या महिन्यापर्यंत आवाजाच्या दिशेने वळतं. नऊ-दहा महिन्यांचं नावाने हाक मारल्यावर बघतं आणि ‘बाबाबा, दादादा’ असं लांबलचक बोलतं. (न ऐकणारं बाळही सुरुवातीला आवाज काढतं, म्हणून लोक फसतात, ते आवाज पुढे ‘बाबाबा’ होत नाहीत, हळूहळू कमी होतात.) वर्षाचं होताना बोट दाखवतं, सलाम करतं, टाटा करतं. सोळा-अठरा महिन्यांत सुटे शब्द. दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडतं : ‘पानी दे’, ‘अब्बू गए’. बाळ दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलं असेल तर तेवढे आठवडे वजा करून दोन वर्षांपर्यंत वय धरायचं. आणि आलेली गोष्ट गेली, बोलणारं मूल गप्प झालं, डोळ्यांत बघणारं बघेनासं झालं, तर वय कितीही असो, एक दिवसही थांबायचं नाही. यातलं एखादं पुढे-मागे झालं म्हणून आभाळ कोसळत नाही; तपासून घ्यायचं, एवढंच. तपासणीत काही निघालं नाही तर बस-भाड्याचे पैसे गेले. आमचे सव्वादोन वर्षं गेली.

शब्द मोजताना एक भानगड होते. आमच्या घरात खानदेशी उर्दू, गल्लीत अहिराणी, अंगणवाडीत मराठी, मोबाइलमध्ये इंग्रजी. मुन्नाच्या निदानाच्या आधी एका नर्सरीवाल्या बाईंनी सल्ला दिला होता की घरी ‘वो ज़बान’ बंद करा, मूल गोंधळतं. हा सल्ला देणारे भरपूर आहेत आणि मानणारे त्याहून जास्त. उर्दू सोडून मोडकं इंग्रजी बोलणाऱ्या आया मी रोज बघते. दोन-तीन भाषा ऐकल्याने मूल उशिरा बोलत नाही, हे आता पक्कं माहीत आहे. मोजायचे तर सगळ्या भाषांतले मिळून मोजायचे. ‘दूध’ एका भाषेत, ‘नको’ दुसरीत, ‘बॉल’ तिसरीत, झाले तीन. ज्या भाषेत तुम्हाला रागावता येतं, लाडावता येतं, गोष्ट सांगता येते, तीच बाळाची पहिली भाषा. मुंबईच्या वाचा-उपचार तज्ज्ञ बाईंनी मला तेच सांगितलं. बांद्र्याची ती राष्ट्रीय संस्था अली यावर जंग यांच्या नावाची आहे, ते महाराष्ट्राचे राज्यपाल होते. १९८३ पासून ती तिथे आहे आणि आमच्या मोहल्ल्यात तिचं नाव कोणाला माहीत नव्हतं, मलाही नाही.

मोठ्या मुलीबद्दल लिहायचं राहिलं. घर वाढतं तेव्हा पहिली मुलगी बढती मिळून आई होते. कमरेवर भाऊ घेऊन फिरणारी सात-आठ वर्षांची पोर आपल्याला गोड दिसते. तिचेही टप्पे असतात. ती कधी खेळली, कधी रडली, कोणी मोजलं? माझी मुलगी शाळेत एकदा म्हणाली होती, ‘मी बोलले नाही तर भाई उपाशी राहील.’ तिच्या बाईंनी मला ते हसत सांगितलं.

आणि दोन मुलांतलं अंतर. कुरआनात सूरह बकराच्या २३३व्या आयतीत दूध पाजण्याचा पूर्ण काळ दोन वर्षांचा सांगितला आहे, आणि त्याआधी सोडवायचं तर आई-बापाने आपसात सल्लामसलत करून, राजीखुशीने. जागतिक आरोग्य संघटनाही बाळंतपणानंतर पुढच्या गर्भधारणेपर्यंत किमान दोन वर्षं जाऊ द्या म्हणते. आता यावर ‘विज्ञानाने चौदाशे वर्षांनी मान्य केलं’ असले व्हिडिओ बनवू नका, प्लीज. मला वेगळंच विचारायचं आहे. त्या आयतीतली सल्लामसलत तुमच्या घरात झाली का? माझ्या नाही झाली. सगळ्यांनी ठरवलं आणि मला कळवलं. छोटी माझ्या काळजाचा तुकडा आहे, ती नसती तर बरं असं मी कधीच म्हणणार नाही. ती एक वर्षाने आली असती तर मुन्नाने मान वळवली नाही त्या रात्री मी उठून त्याच्यापर्यंत गेले असते का, हे मात्र मनात येतं. तांबी, गोळ्या, अंतरा इंजेक्शन सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. हे मला शिकवायला दाई, सासू, मौलाना कोणी नको होतं. मीच विचारलं नाही.

तुम्ही वाचणारे बहुतेक विशी-पंचविशीतले. लग्न व्हायचं असेल, नाही तर नुकतंच झालेलं असेल. तुम्ही कोणाचे तरी मामू, चाचा, खाला, फुफी आहात. घरात वाचता येणारा फोन तुमच्याकडे असतो आणि ‘वक़्त आने पर’ म्हणणाऱ्या दादीला फक्त तुम्हीच उलट बोलू शकता. सुनेने बोललं तर ते तोंड वर करणं होतं. वहिनीच्या पिशवीतून ते कार्ड काढा, कोरं पान उघडा. बापांनाही सांगा. माझ्या शोहरना मुन्नाच्या जन्माचं वजन आणि त्यांच्या जुन्या मोटरसायकलचं मायलेज, यातलं एकच पाठ होतं. आता दर पंधरा दिवसांनी तेच त्याला एसटीने धुळ्याला घेऊन जातात. यंत्राची बॅटरी बदलणं, साचा धुणं हे घरात त्यांच्याइतकं कोणाला जमत नाही.

मुन्ना आता बोलतो. त्याच्या वयाच्या मुलांइतकं नाही. ‘स’ आणि ‘श’ अजून नीट येत नाहीत, गर्दीत गोंधळतो, मशीन काढलं की पुन्हा आपल्या जगात जातो. किती भरून निघेल, हे सांगायला तज्ज्ञ बाई तयार नाहीत आणि मी विचारणं सोडलं आहे.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी अंगणवाडीताईंना आमच्या अंगणात बोलावलं. मोहल्ल्यातल्या सात-आठ जणी आल्या, कार्डं घेऊन. ताई मराठीत सांगत होत्या, मी आमच्या बोलीत. एकीचं दहा महिन्यांचं बाळ ताईंनी मागून हाक मारताच वळलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तर ते घाबरून रडलं. हसण्यात एक म्हातारी मागे बसली होती, ती पुढे सरकली. कार्डावरच्या बोट दाखवणाऱ्या बाळाच्या चित्रावर हात ठेवून म्हणाली, ‘ये किस महीने का है, बेटा?’ मी म्हटलं, ‘साल भर का, दादी.’ ती बराच वेळ त्या चित्राकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘हमारा तो चार का हो गया.’